भिडेपोटी भाव बुडतो: कोकणात जुनी वस्तू घेताना आणि विकताना

आपल्याकडे जुनी वस्तू घेता-देताना घासाघीस कमी होते आणि संकोच जास्त. विकणारा म्हणतो, "तुम्हीच सांगा काय द्यायचं ते, तुम्ही काय परके आहात?" घेणारा म्हणतो, "छे छे, वस्तू तुमची, तुम्ही बोला." चहा होतो, गजाली होतात, आणि शेवटी कोणीतरी अंदाजाने एक आकडा पुटपुटतो. दुसरा मान डोलावतो. घरी गेल्यावर दोघांनाही वाटत राहतं की आपल्याला महाग पडलं. ही कुरबुर मग लग्नकार्यात, देवळात, एसटीच्या थांब्यावर वर्षानुवर्षं निघत राहते, कारण इथे घेणारा बहुतेक वेळा वाडीतला, नाहीतर मेहुण्याच्या शेजारचा असतो आणि तो पुन्हा भेटणारच असतो.

म्हणूनच माझं आग्रहाचं सांगणं आहे की आकडा आधी ठरवा, त्यामागचं कारण तयार ठेवा आणि दोन्ही गोष्टी मोठ्याने बोला. ज्या आकड्याचं कारण समोरच्याला तोंडावर सांगता येतं तो रास्त भाव. ते कारण कसं तयार करायचं, ते पुढे क्रमाने लिहितो.

घरातून निघण्याआधी तीन भाव काढा

पहिला भाव नव्या वस्तूचा, आणि तो आजचा. "मी अठरा हजाराला घेतला होता" या वाक्याला बाजारात किंमत नाही. तोच किंवा त्याच ताकदीचा नवा ग्रास कटर आज दुकानात कितीला मिळतो, एवढंच बघायचं. सणाच्या सवलतीत नवा फ्रीज स्वस्त झाला असेल, तर जुन्याचा भावही त्या दिवशी उतरलेला असतो.

दुसरा भाव तशाच जुन्या वस्तूचा. मोबाइलवरच्या जाहिरातींत दिसतो तो मागणीचा आकडा. वस्तू प्रत्यक्षात कितीला गेली, ते तिथे दिसत नाही. त्यासाठी त्या वस्तूची दुरुस्ती करणाऱ्याला गाठा. पंप रिवाइंडिंग करणारा, फ्रीजवाला, टू-व्हीलरचा मेकॅनिक यांच्या डोळ्यांसमोर रोज असे व्यवहार होत असतात. त्यांना "याची किंमत किती?" असं विचारू नका. "गेल्या दोन-चार महिन्यांत अशी एखादी कितीला गेली?" असं विचारा. उत्तर खूप नेमकं येतं. आणखी एक गोष्ट. जाहिरातीत पुण्या-कोल्हापूरचे भाव दिसतात आणि ते कमी वाटतात. त्यात कुंभार्ली किंवा आंबा घाट उतरवून आणायचा टेम्पो, चढवण्या-उतरवण्याची मजुरी आणि वाटेतली मोडतोड धरा, मगच तुलना करा.

तिसरा भाव मोडीचा. वस्तू चालतच नाही असं धरलं तर धातूचे, लाकडाचे, सुट्या भागांचे किती येतील? विकणाऱ्याने याच्या खाली कधीच जाऊ नये.

आता प्रत्यक्ष हिशेब. आकडे केवळ उदाहरणासाठी घेतलेत. समजा, सात वर्षांची, चांगल्या अवस्थेतली स्कूटर तुमच्या भागात ४२,००० रुपयांना जाते. समोर उभी असलेली स्कूटरही तीच आहे, पण दोन्ही टायर गेलेत, ३,५०० रुपये. बॅटरी १,५००. पाय ठेवायच्या जागेखालचा पत्रा गंजलाय, वेल्डिंग आणि रंग मिळून ३,०००. विमा संपलाय, १,५००. एकूण ९,५००. म्हणजे रास्त भाव ३२,५०० च्या आसपास. घेणाऱ्याने ३०,००० पासून सुरुवात करावी आणि ३४,००० च्या वर जाऊ नये. विकणाऱ्याने हाच हिशेब उलटा करावा: मी टायर गेल्या वर्षी बदललेत, हे बिल, म्हणून माझी गाडी ४२,००० च्या जवळची आहे. हा कागद खिशात असेल तर भिडस्त माणूसही ठामपणे बोलू शकतो.

खारी हवा, पाऊस आणि पुराच्या खुणा

देशावरच्या आणि आपल्या वस्तूत सगळ्यात मोठा फरक गंजाचा. मालवण, वेंगुर्ला, गुहागर, मुरूड अशा किनाऱ्यालगतच्या गावात दारात उभी राहिलेली गाडी आणि पंधरा-वीस किलोमीटर आत राहिलेली गाडी एकाच वर्षाच्या असल्या तरी एका भावाच्या नसतात. रंग वरून चकचकीत दिसेल. बघायचं खाली वाकून: चॅसिसचे जोड, सायलेन्सरची मागची बाजू, स्टँडचं बिजागर, चारचाकीत दाराच्या खालच्या कडा आणि गाडीखालचा पत्रा. नुकताच काळा रंग फासलेला दिसला, तर कशासाठी फासला ते विचारा. फ्रीज आणि वॉशिंग मशीन भिंतीपासून ओढून मागची आणि तळाची बाजू बघा. पत्र्यावर नुसता गंज असेल तर भाव कमी करा. कंप्रेसरच्या नळ्यांवर गंज चढला असेल तर ती वस्तू सोडून द्या.

दुसरी गोष्ट पुराची. २२ जुलै २०२१ ला चिपळूणमध्ये वाशिष्ठीचं पाणी भरलं, त्याच पावसात महाडही बुडालं. २००५ च्या जुलैतही दोन्ही शहरांनी हेच पाहिलं होतं. पाण्यात गेलेली यंत्रं साफ होऊन पुढे विकली जातात, आणि त्यात गैर काही नाही. मात्र ती पाण्यात गेलेली आहेत हे सांगून विकली पाहिजेत. चारचाकी बघताना सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, आतल्या टोकाला चिखलाची रेघ राहिलेली असते. सीटखालच्या पट्ट्या, स्टेपनीचा खड्डा आणि कार्पेटची खालची बाजू तपासा. दिव्यांच्या काचेत पाण्याची पातळी उमटलेली दिसते का ते बघा. पंप, इन्व्हर्टर, शिलाई मशीनची मोटर यांच्याबाबतही प्रश्न सरळ विचारायचा: "हे कधी पाण्यात गेलं होतं का?" माणूस एरवी स्वतःहून बोलत नाही, पण सरळ विचारल्यावर तोंडावर खोटं बोलणं आपल्याकडे अनेकांना जड जातं.

वस्तू दिवसाउजेडी बघा आणि चालवून बघा. पंप पाच मिनिटं नको, अर्धा तास चालू दे. स्कूटर थंड असताना सुरू करायला सांगा. तुम्ही पोचायच्या आधीच इंजिन गरम करून ठेवलं असेल, तर दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा जा. मेकॅनिक बरोबर न्यायचा असेल तर विकणाऱ्याच्या ओळखीचा नको, आणि त्याची फी सौदा होवो न होवो, आधीच हातावर ठेवा. सौदा झाल्यावरच पैसे मिळणार असतील तर त्याला सौदा व्हायलाच हवा असतो.

वस्तू नेमकी कोणाची?

कोकणात भावापेक्षा या प्रश्नावरून जास्त भांडणं होतात. घर वडिलोपार्जित, मालक मुंबईत, चावी चुलत्याकडे, आणि ओटीवरचा शिसवी झोपाळा विकतोय तिसराच. घेणारा पैसे देतो, झोपाळा घेऊन जातो, आणि गणपतीला सगळे भाऊबंद घरी जमले की विचारणा सुरू होते. विकणाऱ्याकडे जेवढा हक्क आहे त्याहून जास्त हक्क घेणाऱ्याला मिळत नाही, हे १९३० च्या मालविक्री कायद्याचं मूळ तत्त्व आहे. सामाईक वस्तू एकानेच विकली तर तुमचे पैसे आणि वस्तू दोन्ही अडकू शकतात.

म्हणून भाव बोलायच्या आधी विचारा: "काका, घर सामाईक आहे ना? बाकीच्यांना माहीत आहे का?" अपमान होईल असं वाटून लोक हा प्रश्न गिळतात, पण बहुतेक घरांत तो विचारल्यावर समोरच्यालाही बरं वाटतं. मुंबईतल्या भावांना फोन लावून घ्या आणि कुटुंबाच्या ग्रुपवर "झोपाळा अमुक किमतीला विकत आहोत" एवढा संदेश टाकायला सांगा. सगळ्यांचे होकार आले की त्याचा फोटो आपल्याकडे ठेवा. विकणाऱ्यांनाही हेच सांगेन, उलट जास्त आग्रहाने. वाटणीचे पैसे नंतर देऊ म्हणून गप्प बसू नका.

मोबाइल असेल तर *#०६# दाबून आयएमईआय, म्हणजे त्या फोनचा ओळख क्रमांक घ्या आणि तो संचार साथी या सरकारी संकेतस्थळावर, किंवा केवायएम (KYM) लिहून पुढे तो क्रमांक १४४२२ वर एसएमएस करून तपासा. बिल, खोका, आणि विकणाऱ्याने तुमच्यासमोर आपलं गुगल किंवा ॲपलचं खातं काढून टाकणं, एवढं झाल्याशिवाय पैसे देऊ नका. चोरीची वस्तू चोरीची आहे हे ठाऊक असून, किंवा तसं मानायला कारण असूनही घेतली, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली घेणाराही गुन्हेगार ठरतो. बाजारात १५,००० चा असलेला फोन कोणी ४,००० ला देत असेल, तर तो भावच एक कारण आहे.

जुन्या घराचा माल

घरं पाडून स्लॅब टाकले जात आहेत आणि त्यातून कौलं, चिरे, वासे, दरवाजे, भांडी बाहेर पडत आहेत. या मालाचा भाव ठरवायला माप लागतं. "एकरकमी सगळं उचला" या बोलीत बहुतेक वेळा विकणारा बुडतो.

लाकूड घनफुटावर मोजा. लांबी फुटांत, रुंदी आणि जाडी इंचांत घेऊन तिन्हींचा गुणाकार करा आणि १४४ ने भागा. दहा फूट लांब, सहा इंच रुंद आणि चार इंच जाड तुळई म्हणजे साधारण १.६७ घनफूट. सागवान, फणस, आईन, किंजळ यांचे दर वेगळे, म्हणून जात ओळखणारा सुतार बरोबर हवा. तुळईची भिंतीत गेलेली टोकं आधी बघा. ओल आणि वाळवी तिथून शिरते. स्क्रू ड्रायव्हर टोचून बघा. टोक कुजलं असेल तर तेवढी लांबी मापातून वजा करायची, अख्खी तुळई नाकारायची गरज नाही.

मंगलोरी कौलं हजारी किंवा नगावर जातात. मंगळूरला बासेल मिशन या ख्रिस्ती संस्थेने १८६५ मध्ये कौलांचा कारखाना काढला आणि पुढे असे अनेक कारखाने निघाले. त्यांच्या साच्यांत थोडा थोडा फरक असल्याने एका छापाचं कौल दुसऱ्याच्या खाचेत नीट बसेलच असं नाही. म्हणून एका छापाची कौलं वेगळी मोजा आणि त्यांना जास्त भाव द्या किंवा मागा. बोटाने टिचकी मारल्यावर खणखणीत वाजतं ते चांगलं. बद्द वाजलं तर तडा आहे. वाहतुकीत फुटतात, म्हणून शेकडा पाच-दहा जास्त घ्या. जांभ्याचा चिरा मातीत किंवा चुन्यात बांधलेला असेल तर सुटा होऊन पुन्हा वापरता येतो. सिमेंट चिकटलेला चिरा साफ करताना फुटतो, त्याला तो भाव नाही.

तांब्या-पितळेच्या बाबतीत माझं मत जरा कडक आहे. घंगाळ, हंडा, बंब, पिंप हे वजनावर, त्या दिवशीच्या मोडीच्या दराने मोजणं योग्य आहे. दोन दुकानांत दर विचारा, बंबाची लोखंडी जाळी आणि पाय काढून वजन करा, तांबं आणि पितळ वेगळं तोला. पण नक्षीची समई, ठोक्याचं जुनं भांडं, पितळी कड्यांचा झोपाळा यांना मोडीचा भाव लावणं हा अन्याय आहे. अशी वस्तू आज नवी घडवायला किती मजुरी लागेल तो हिशेब धरा. घेणाऱ्याला किंमत कळली असेल आणि विकणाऱ्या आजींना कळली नसेल, तर ती सांगायची. ज्याला जास्त कळतं त्याने आपल्याला कळलेलं लपवून केलेला सौदा मी रास्त मानत नाही. शंभर वर्षांपेक्षा जुन्या मूर्ती आणि कलावस्तूंना १९७२ चा पुरावशेष कायदा लागू होतो. त्या देशाबाहेर पाठवता येत नाहीत आणि काहींची नोंदणी सक्तीची आहे. देवळातली वस्तू कोणी विकायला आणली तर तिथूनच परत फिरा.

कधी घ्यावं, कधी विकावं

विहिरीचं पाणी खाली जातं तेव्हा, फेब्रुवारीपासून मेपर्यंत पंपांना मागणी असते. तेव्हा विका, पावसात घ्या. ग्रास कटर जुलैपासून काजूच्या बागांच्या साफसफाईपर्यंत महाग असतो. कौलं आणि लाकूड एप्रिल-मेमध्ये भाव खातात, कारण पावसाआधी छप्पर शाकारायचं असतं. फ्रीज, टीव्ही, मिक्सर गणपतीच्या आधी जातात, चाकरमानी बंद घर उघडणार असतात. दसरा-दिवाळीला लोक नव्या गाड्या घेतात आणि जुन्या बाजारात येतात, तेव्हा घेणाऱ्याला निवड मिळते. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. त्या काळात इंजिनं आणि जाळी बघायला सवड असते आणि काही मालकांना पैशांची निकडही असते. ती निकड पाहून भाव पाडायचा की नाही, हे ज्याने त्याने ठरवावं. मी पाडत नाही.

बोलणी

विकणाऱ्याने आकडा आधी सांगावा. वस्तू त्याला जास्त माहीत असते. आपल्या कमीत कमी आकड्यावर शेकडा दहा-पंधरा चढवून बोलावं, दुप्पट नको. दुप्पट सांगितलं की गावात नाव जातं आणि मग खरा आकडाही कोणी खरा मानत नाही. दोष स्वतःहून सांगावेत: "बॅटरी गेलीय, ते धरूनच मी भाव बोलतोय." हे वाक्य एकदा म्हटलं की त्याच दोषावरून दुसऱ्यांदा भाव कमी करता येत नाही.

घेणाऱ्याने वस्तूला नावं ठेवू नयेत. "ह्या काय, भंगार आसा" असं म्हटलं की ज्यांच्या आजोबांनी तो पलंग घडवून घेतला ते तात्या मनाने सौद्यातून उठतात. दोषाला आकडा लावा आणि मुकाट्याने थांबा. असं:

"तात्या, कपाट छानच आहे. मागची फळी वाळवीने खाल्लीय, सुताराने दोन हजार सांगितलेत. टेम्पो बाराशे. तुम्ही चौदा म्हणताय, माझ्या हिशेबाने पावणेअकराला बसतं."

"पावणेअकरा कमी होतात रे."

इथे लगेच अकरा, साडेअकरा म्हणत वर चढू नका. तात्यांना त्यांचं कारण सांगू दे. कदाचित ते म्हणतील, फळी मी बदलून देतो. कदाचित टेम्पो त्यांच्या पुतण्याचा असेल. पैशांवर अडलं की वाहतूक, दुरुस्ती, जोडीची वस्तू, ताबा कधी द्यायचा, यांवर बोला. आपल्या वरच्या आकड्याला पोचलात की तसं सांगून उठा: "एवढंच जमतं मला, विचार करून कळवा." खोटं उठायचं नाही. पुढच्या आठवड्यात त्यांचा फोन आला तर त्याच आकड्यावर घ्या, तेव्हा आणखी पाडू नका.

नातेवाइकांशी व्यवहार करताना पहिलं वाक्य हे असावं: "वहिनी, हे विकत घेतोय, फुकट नको." मग दोघांना मान्य असलेल्या तिसऱ्या माणसाकडून भाव काढून घ्या. कमी भावात द्यायचं असेल तर पूर्ण किंमत आधी बोला आणि मग सूट सांगा, म्हणजे काय सोडलं ते दोघांना कळतं. "सवडीने द्या" ही बोली टाळा. हप्ते असतील तर तारखा लिहा.

मध्ये कोणी असेल, वस्तू दाखवणारा रिक्षावाला किंवा घर सांभाळणारा गडी, तर त्याचं काय द्यायचं आणि कोणी द्यायचं, हे सुरुवातीलाच सगळ्यांसमोर बोला.

पैसे, कागद आणि गाडीची नोंद

भाव ठरला की इसार द्या, पण थोडा, आणि तो परत मिळणार की नाही ते त्याच वेळी ठरवा. साध्या कागदावर दोघांची नावं, वस्तूचं वर्णन, मशीनचा क्रमांक, सांगितलेले दोष, किंमत, तारीख आणि दोघांच्या सह्या. खासगी व्यवहारात ग्राहक न्यायालयाचा आधार सहसा मिळत नाही, म्हणून हा कागद महत्त्वाचा. एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणं आयकर कायद्याने मना आहे. आणि पैसे घेताना यूपीआयचा पिन कधीच लागत नाही. "पैसे पाठवलेत, क्यूआर स्कॅन करून पिन टाका" असं कोणी म्हणालं तर फोन ठेवा.

गाडीचं काम जास्त काळजीने करा. एमपरिवहन ॲपवर विमा, पीयूसी, बँकेचा बोजा, आणि दंडाची ई-चलनं बघा. बाकी चलनं कोणी भरायची ते भावातच ठरवा. बोजा असेल तर बँकेचं ना-हरकत पत्र आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण रक्कम नको. पंधरा वर्षं झालेल्या खासगी गाडीला पुन्हा नोंदणी आणि पर्यावरण कर, हा खर्च किमतीतून वजा करा. सावंतवाडी-दोडामार्ग बाजूला जीए पासिंगच्या, म्हणजे गोव्यात नोंदलेल्या गाड्या स्वस्त वाटतात. तिथल्या आरटीओची एनओसी (ना-हरकत), इथली नोंदणी आणि महाराष्ट्राचा कर मिळवून मगच स्वस्त की महाग ते म्हणा.

विकणाऱ्याने मालकी बदलायच्या फॉर्म २९ आणि ३० वर नुसत्या सह्या देऊन मोकळं होऊ नये. राज्यातल्या राज्यात विक्री असेल तर चौदा दिवसांत विक्री कळवायची जबाबदारी त्याची, आणि तीस दिवसांत नाव चढवून घ्यायची जबाबदारी घेणाऱ्याची. नोंद बदलली नाही आणि अपघात झाला, तर भरपाई नोंदीवरच्या मालकाकडून मागितली जाते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये हे स्पष्ट केलं आहे. म्हणून किमतीवर आणखी दोन-तीन हजार नाव बदलेपर्यंत अडकवून ठेवायचे, असं आधी ठरवा. घेणारा ते विकणाऱ्याकडे जास्तीची अनामत म्हणून ठेवतो, आणि ॲपवर नवं नाव दिसलं की विकणारा त्याच दिवशी परत करतो.